सतरा जणांची टीम, एक एक्सेल आणि एआय

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. एक जण बँकेच्या बॅक ऑफिसात, एक मैत्रीण मालवाहतुकीच्या कंपनीत आणि तिसरा माझा मावसभाऊ, कोल्हापूरकडे एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. "आमच्याकडे एआय येतंय म्हणे. तुम्ही काय काय काम करता, कशाला किती मिनिटं लागतात, याचं एक्सेल भरायला दिलंय. काय लिहू?" फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. संक्रांत तोंडावर आलीय, त्यामुळेही गेल्या वर्षीची ती सगळी भानगड आठवतेय.

मी बीएचएमएस. सातारा जिल्ह्यात चार वर्षं दवाखाना चालवला, म्हणजे चालवायचा प्रयत्न केला. मग पुण्यात येऊन एका टीपीएमध्ये लागले. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं आरोग्य विम्याचे क्लेम तपासणारी कंपनी. हॉस्पिटलचे कागद वाचायचे, बिलातलं काय मंजूर आणि काय कापायचं ते ठरवायचं, शंका असेल तर क्वेरी काढायची. आमच्यासारखे दवाखान्याची पाटी उतरवून आलेले होमिओपॅथ आणि आयुर्वेदवाले या धंद्यात पुष्कळ आहेत. २०२४ साली माझ्या हाताखाली सतरा जण होते. पाच डॉक्टर, बाकीचे प्रोसेसर, डेटा एन्ट्रीवाले आणि इनवर्डला कागद लावून स्कॅन करणारे.

सुरुवात एआयपासून नाही, एका परिपत्रकापासून झाली. विमा नियामकानं २९ मे २०२४ रोजी आरोग्य विम्याचं मास्टर परिपत्रक काढलं. कॅशलेसची विनंती आली की एका तासात निर्णय, आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तासांवर उशीर झाला आणि हॉस्पिटलनं त्यापायी जास्तीचं बिल लावलं, तर ते विमा कंपनीनं भागधारकांच्या पैशातून भरायचं. पेशंटच्या बाजूनं हे उत्तमच. डिस्चार्ज मिळूनही संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहिलेली माणसं आम्ही रोज पाहिलेली. पण आमच्या टेबलावर त्याचा अर्थ एवढाच होता की घड्याळ गळ्यात बांधलं गेलं. पावसाळाभर दोन पाळ्यांत, रविवार धरून काम केलं. तेव्हापासूनच वर "काहीतरी टूल बघताहेत" अशी कुजबुज होती.

१४ ऑक्टोबरला, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, आम्हा टीम लीडना मोठ्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. एआय टूल येणार होतं. ते स्कॅन केलेले कागद वाचणार, नव्वद पानी केसपेपरचा एका पानात सारांश देणार, बिलातल्या कपाती सुचवणार आणि शेवटी 'मंजूर', 'क्वेरी' किंवा 'नामंजूर' अशी शिफारस करणार. पडद्यावर क्लार्ना या स्वीडनच्या कंपनीचं उदाहरण दाखवलं. त्यांच्या एआय मदतनीसानं पहिल्याच महिन्यात सातशे माणसांएवढं काम उरकलं, असं त्या कंपनीनं फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर केलं होतं. कुणीतरी विचारलं, "मग ते सातशे लोक कुठे गेले?" सगळे हसले. मीसुद्धा. उत्तर कुणी दिलं नाही.

दोन दिवसांनी ते एक्सेल आलं. कामाचं नाव, रोज किती वेळा, दर वेळी किती मिनिटं, 'नियमानुसार की विवेकानुसार' आणि शेवटी शेरा. मुदत नऊ दिवस. दिवाळी पंधरवड्यावर आलेली, फाइलींचा ढीग तुंबलेला. मी टीमला सांगितलं, "फार फाटे फोडू नका. प्रत्येकानं पाच-सहा ओळीत उरका आणि पाठवून द्या."

या एका वाक्याची किंमत मला तीन महिन्यांनी कळली, म्हणून इथे थांबून सांगते. ते एक्सेल म्हणजे हजेरीपत्रक नव्हे. तुम्ही कोण आहात हे पुढे त्याच कागदावरून ठरतं. आमच्या डेटा एन्ट्रीच्या मुलीनं लिहिलं, 'कागद पाहून माहिती भरणे, १२ मिनिटे, नियमानुसार.' ती काही खोटं लिहीत नव्हती. पण त्या बारा मिनिटांत ती आणखी काय करायची? बिलाची तारीख आणि ॲडमिशनची तारीख जुळत नसेल तर हाक मारायची. एकाच लॅबचे दोन पेशंटचे रिपोर्ट दशांशासकट सारखे दिसले की माझ्या टेबलावर आणून ठेवायची. शिक्का नवा आणि लेटरहेड जुनं असलं तर तिला खटकायचं. यातलं काहीही एक्सेलमध्ये गेलं नाही, कारण त्याला ती स्वतःच 'काम' म्हणत नव्हती आणि मी 'उरका' म्हटलेलं.

तर मावसभावाला मी जे सांगितलं ते असं. आठवडाभर खिशात छोटी वही ठेव. दिवसभरात जिथे जिथे तू थांबलास, शंका घेतलीस, कुणाला फोन केलास, ते तारखेनिशी लिही. मगच एक्सेलला हात लाव. आणि भरलेलं एक्सेल स्वतःच्या मेलवर पाठवायच्या आधी कंपनीचा नियम बघ. आमच्याकडे ते चाललं नसतं. वहीत उतरवून घ्यायला कुणाची हरकत नसते. मात्र ग्राहकांची नावं, पॉलिसी नंबर वहीत नकोत.

दिवाळी झाली आणि ११ नोव्हेंबरला समांतर चाचणी सुरू झाली. सहा आठवडे प्रत्येक फाइल दोनदा तपासायची, एकदा माणसानं, एकदा मशीननं, आणि मग दोन्ही निर्णय शेजारी ठेवायचे. काम दुप्पट, माणसं तेवढीच, ओव्हरटाइम नाही. बदली सुट्टी मिळेल असं सांगितलं होतं. मला चारांपैकी दोन मिळाल्या.

टूल वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात तर मी चक्रावून गेले. ज्या जाडजूड केसपेपरला आमच्या डॉक्टरला पाऊण तास लागायचा, त्याचा सारांश चहा संपेपर्यंत तयार. औषधांच्या बिलांच्या बेरजा ते आमच्याहून चांगल्या धरायचं. खोलीभाड्याच्या मर्यादेवरून करायची प्रमाणशीर कपात, जिथे नवीन मुलं हमखास घोळ घालतात, तिथे ते एकदाही चुकलं नाही. पाचपैकी दोन डॉक्टर उघड खूश होते. इतकी वर्षं वाकडीतिकडी अक्षरं वाचून डोळ्यांची वाट लागलेली, त्यांचं काय चुकलं?

तिसऱ्या आठवड्यात ती फाइल आली. सोलापूरच्या हॉस्पिटलात अँजिओप्लास्टी झालेला पेशंट, पॉलिसी तीन वर्षांची. मशीनची शिफारस: नामंजूर. कारण, रक्तदाब पॉलिसीच्या आधीपासून होता आणि प्रस्तावात तो जाहीर केलेला नाही. पुरावा म्हणून फॅमिली डॉक्टरांचा दाखला जोडलेला. त्यात म्हणे नऊ वर्षांपासून रक्तदाब आहे. मी सारांश वाचला. सगळं तर्कशुद्ध, नीट मांडलेलं. मी मान डोलावली आणि पुढच्या फाइलकडे वळले.

डेटा एन्ट्रीवाली मुलगी मूळची बार्शीची. ती प्रिंट घेऊन आली. "मॅडम, हे बघता का जरा? डॉक्टरांनी मराठीत लिहिलंय. हा नऊ नाही, आपला एक आहे."

दाखला मराठीत होता. 'रक्तदाब – १ वर्षापासून.' आपला १ आणि इंग्रजी नऊ, घाईत लिहिले की सख्खे भाऊ. मशीननं इंग्रजी आकडा वाचला आणि एका वर्षाची नऊ वर्षं केली. एका वर्षापूर्वी म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर सुरू झालेला आजार. लपवण्याचा प्रश्नच नव्हता. क्लेम दोन लाखांवरचा होता.

आता कुणी म्हणेल, नामंजुरी तशीही थेट जात नाही. बरोबर आहे. त्याच परिपत्रकाप्रमाणे विमा कंपनीच्या क्लेम पुनर्विलोकन समितीच्या मंजुरीशिवाय कुठलाही क्लेम फेटाळता येत नाही. पण समितीपुढे काय जातं? आमचा सारांश. मूळ दाखल्यातला आकडा तिथे कोण पुन्हा बघणार होतं? मी तर टीम लीड, डॉक्टर, मराठी वाचता येणारी, आणि मीच बघितला नव्हता. त्या रात्री घरी भात करपला. खरंच करपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मराठी दाखले असलेल्या तोवरच्या सगळ्या फाइली पुन्हा काढल्या. आणखी दोन ठिकाणी आकड्यांचा घोळ सापडला. एकात ५चा चार झालेला. टूल देणाऱ्यांना कळवलं. त्यांनी ते झटपट सुधारलं, आभाराचा मेलही आला. तो मेल मला आला, तिला नाही. मी तो तिला पुढे पाठवला का? नाही. गडबडीत राहून गेलं.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार. दुपारी चारला माझ्या वरिष्ठांनी केबिनमध्ये बोलावलं. शेजारी एचआर. कागदावर एक आकडा होता, सतराचे नऊ. तिघांना हॉस्पिटलमधल्या हेल्पडेस्कवर, दोघांना प्रत्यक्ष जाऊन क्लेम पडताळणाऱ्या तपास विभागात, आणि तिघांना निरोप. नावं एक्सेलवरून काढलेली. ज्यांच्या कामातला मोठा भाग 'नियमानुसार' होता ते यादीत वर. तिघांत बार्शीची मुलगी होती, इनवर्डचे काका होते (वय ५४, नोकरी १९ वर्षं) आणि आणखी एक ऑपरेटर.

मी म्हटलं, तो एक आणि नऊचा घोळ तिनंच पकडला होता. एचआर म्हणाले, "मॅडम, ते एक उदाहरण झालं. अशा किती केसेस आहेत? आकडा द्या, आम्ही विचार करू." माझ्याकडे आकडा नव्हता. तिनं पाच वर्षांत किती वेळा माझ्या टेबलावर कागद आणून ठेवले, याची कुठेच नोंद नव्हती. माझ्या डोक्यात होती, पण डोकं जोडपत्र म्हणून लावता येत नाही.

आणि वर एक अट. २९ जानेवारीला अधिकृत घोषणा होईल, तोवर कुणाला एक शब्द नाही.

एकोणीस दिवस. मधे संक्रांत. आमच्याकडे दर वर्षी प्रत्येक जण डबा आणतो. गुळाच्या पोळ्या, तिळाच्या वड्या, हलवा. काका न चुकता मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका दुकानातून चिक्की आणायचे. मी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. 'गोड बोला' मात्र तोंडातून निघेना. काकांनी विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" मी म्हटलं ॲसिडिटी. त्याच दिवशी बार्शीची मुलगी स्कूटरच्या कर्जाबद्दल विचारत होती, कुठली बँक चांगली. मी म्हटलं, "थांब जरा, मार्चमध्ये व्याजदर कमी होतील." हे माझं धाडस. याहून जास्त काही बोलले नाही.

वरिष्ठांना मी या काळात दोनदा विचारलं की निदान तिघांना आधी सांगू द्या. दोन्ही वेळा 'नाही' आलं आणि मी ते ऐकलं. तेव्हा वाटत होतं की तोंड उघडलं तर माझी नोकरी जाईल आणि टीममध्ये घबराट पसरेल. पहिलं कदाचित खरं असेल. दुसरं नाही, कारण घबराट आधीच होती. कँटीनमध्ये लोक माझ्याकडे बघून बोलणं थांबवायचे.

२९ तारखेला सव्वाअकराला घोषणा झाली. पंचवीस मिनिटांत आटोपली. तिघांना एकेक करून आत घेतलं, मी सोबत बसले. एचआरनं त्यांच्यापुढे तयार पत्र ठेवलं, 'वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे.' सही केली की दोन महिन्यांचा पगार आणि 'स्वच्छ' अनुभवपत्र. काका खिशातलं पेन काढत होते. मी म्हटलं, "काका, घरी विचारून उद्या करा की." एचआरनं माझ्याकडे असं काही पाहिलं की बस्स.

संध्याकाळी शिवाजीनगर कोर्टाजवळ एका कामगार कायद्याच्या वकिलांना भेटले. मैत्रिणीच्या ओळखीतले, अर्ध्या तासाचे पंधराशे रुपये. त्यांनी जे सांगितलं ते तेव्हाच्या, म्हणजे १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे. कारकुनी काम करणारा कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' ठरतो. काम उरलं नाही म्हणून काढलं तर ती कामगार कपात. त्यात एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई, आणि सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. राजीनाम्यावर स्वतःहून सही केली की यातलं काही मागायला जागा उरत नाही. काकांची १९ वर्षं धरली तर दोन महिन्यांचा पगार आणि ही भरपाई यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

मी तिघांना फोन केले. एवढंच म्हटलं, सही करू नका, मेल करा. मेलमध्ये भांडण नको. 'माझं पद कमी केल्याचं मला २९ जानेवारीला सांगण्यात आलं. मी राजीनामा दिलेला नाही. नियमाप्रमाणे हिशेब कळवावा.' तीन वाक्यं. बारा दिवस उत्तर नाही. त्या बारा दिवसांत मला वाटायचं, यांचे हातचे दोन महिन्यांचे पैसेही मी घालवले. मग १० फेब्रुवारीला नवी पत्रं आली, कामगार कपातीची, भरपाईसकट. आत काय चर्चा झाली ते मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

इथे एक सूचना. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, तेव्हा माझी कलमं आहेत तशी उचलू नका. संहितेत दोन गोष्टी अशा आहेत की वाचताना चुटपूट लागली. कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकानं १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो त्या माणसाच्या खात्यात जायचा. आणि नोकरी सुटल्यावर पगाराची बाकी दोन कामाच्या दिवसांत चुकती करायची. आमच्या तिघांचा तो निधी नऊ महिन्यांनी हुकला.

शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी. त्याआधीचे पंधरा दिवस मी बहुतेक कागदांच्याच मागे होते. काही गोष्टी सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. बार्शीच्या मुलीची चार वर्षं नऊ महिने झालेली. एचआर म्हणाले, बसत नाही. पण पाचव्या वर्षात २४० दिवस भरले असतील तर ते वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. सगळ्या कंपन्या तो मानत नाहीत, तरी मागायला काय जातं? तिनं 'फॉर्म आय', म्हणजे ग्रॅच्युइटीचा अर्ज, भरून पोचपावती घेतली. पोचपावती महत्त्वाची, कारण रक्कम तीस दिवसांत देणं बंधनकारक असतं आणि पोच असली की तारखेवरून घोळ होत नाही. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे हिशेब सोपा होता: शेवटचा मूळ पगार गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. तिचा मूळ पगार १४,२०० रुपये, पाच वर्षं, म्हणजे ४०,९६१. पहिलं उत्तर 'नाही' आलं, दुसऱ्या अर्जाला 'तपासतो', आणि २६ मार्चला खात्यात जमा.

काकांचं गणित वेगळं. त्यांना पीएफ आणि पेन्शन सगळं एकदम काढून मुलीचं लग्न उरकायचं होतं. दहा वर्षं भरली की पेन्शनचा भाग काढता येत नाही. पन्नाशीनंतर पेन्शन लवकर सुरू करता येते, पण अठ्ठावन्नच्या आधीच्या दर वर्षामागे चार टक्के कपात, आणि ती कायमची. त्यांच्या घरी जाऊन मी, काकू आणि मुलगी, तिघींनी मिळून त्यांना समजावलं. पेन्शन ठेवली. लग्न जरा आटोपशीर झालं. जेवणाला मठ्ठा मात्र फर्मास होता.

तिसऱ्या ऑपरेटरचं नावावर अडलं. आधारवर नवऱ्याचं नाव मधे, पीएफला वडिलांचं. लग्न झालेल्या आपल्याकडच्या निम्म्या बायकांची ही रड. नोकरीत असतानाच ते दुरुस्त करून घ्या, कारण जुन्या यूएएनला (पीएफच्या कायम क्रमांकाला) मालकाची मान्यता लागते आणि बाहेर पडल्यावर तुमचा मेल कुणी उघडत नाही. (ऑक्टोबर २०१७नंतरचा, आधारशी जोडलेला यूएएन असेल तर बऱ्याच दुरुस्त्या जानेवारी २०२५पासून स्वतःला करता येतात. तिचा त्याआधीचा होता.)

आणि आरोग्य विमा! आम्ही दिवसभर दुसऱ्यांचे क्लेम तपासतो, पण शेवटच्या दिवशी आपलीच ग्रुप पॉलिसी संपते हे तिघांच्याही ध्यानात नव्हतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज शेवटच्या दिवसाआधी केला तर प्रतीक्षाकाळ, म्हणजे जुन्या आजारांना विमा लागू होण्याआधी थांबायची वर्षं, नव्यानं मोजत नाहीत. काकांना मधुमेह. त्यांचा अर्ज मीच भरला.

अनुभवपत्रावर 'डेटा एन्ट्री ऑपरेटर' एवढंच येणार होतं. मी भांडून एक ओळ घालून घेतली: 'वैद्यकीय दाखले व बिले यांची पडताळणी, मराठी व इंग्रजी.' जी ओळ ऑक्टोबरमध्ये एक्सेलमध्ये असायला हवी होती, ती फेब्रुवारीत अनुभवपत्रावर आली.

मार्चपासून माझंच काम बदललं. आधी सकाळी नऊला उभ्या उभ्या मी फाइली वाटायचे. कुणाची मुलगी तापानं फणफणलीय, त्याला त्या दिवशी मोतीबिंदूच्या सोप्या फाइली. जो फार्मात आहे त्याला कॅन्सरच्या. आता वाटप टूल करतं. त्याला कुणाच्या घरचा ताप कळत नाही. महिनाभर झगडून मी 'हलकी रांग' असा एक खूणपर्याय मिळवला. सकाळी एखाद्याच्या नावापुढे ती खूण केली की त्या दिवशी त्याला साठ टक्के काम येतं. कारण लिहावं लागत नाही. एवढं मिळवायला सात मेल लागले.

दुसरी अडचण नव्या डॉक्टरची. सोपे क्लेम आता मशीनच पुढे ढकलतं, माणसाकडे फक्त किचकट येतात. पण माणूस शिकतो कशावर? सोप्यावरच ना? पहिल्या वर्षी मी साधी अपेंडिक्सची बिलं पाहून पाहून शिकले. म्हणून आमच्या नव्या मुलासाठी रोज दहा सोप्या फाइली मी हातानं बाजूला काढते. मशीनचा निर्णय झाकून तो आधी स्वतःचा लिहितो, मग ताडून बघतो. वर विचारणा झाली की हा वेळ कुठल्या खात्यात धरायचा. अजून ठरलेलं नाही. फाइली मात्र रोज काढते.

सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते 'ओव्हरराइड'नं. मशीनची शिफारस माणसानं बदलली की ओव्हरराइड. प्रत्येकाचा टक्का डॅशबोर्डवर, लाल किंवा हिरवा. आमच्या टीमचा लाल. एप्रिलमध्ये सांगण्यात आलं, निम्म्यावर आणा. आता लाल दिसायला नको म्हणून माणूस काय करेल? मशीनला 'हो' म्हणेल. म्हणजे आपला १ पुन्हा नऊ होणार, फक्त या वेळी खाली माणसाची सही असणार. मी मीटिंगमध्ये एअर कॅनडाचं उदाहरण दिलं. त्यांच्या चॅटबॉटनं प्रवाशाला तिकीट सवलतीची चुकीची माहिती दिली होती, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणानं जबाबदार धरलं ते कंपनीला. चॅटबॉट काय बोलला ते आमच्याकडे धरू नका, हा बचाव चालला नाही. माझी मागणी साधी होती, टक्का मोजा पण रंग काढा, आणि प्रत्येक ओव्हरराइडला एका ओळीचं कारण लिहायची जागा द्या. रंग गेला नाही. कारणाची जागा मिळाली. ती ओळ आता मी सगळ्यांकडून लिहून घेतेच. पुढच्या वेळी 'आकडा द्या' म्हणाले तर आकडा असेल.

मे महिन्यात वाचलं की तीच क्लार्ना पुन्हा माणसं घेतेय. खर्च वाचवायच्या नादात दर्जा घसरला, असं त्यांच्या प्रमुखांनीच कबूल केलं. बातमी मी वरिष्ठांना पाठवली. अंगठ्याचं चिन्ह आलं.

माझी स्वतःची परीक्षाही याच दिवसांत झाली. कंपनीची एआय साक्षरता चाचणी, तीन शनिवार प्रशिक्षण, साठ गुण, उत्तीर्णतेला छत्तीस. पहिल्यांदा चौतीस पडले. माझ्या हाताखालचा पंचवीस वर्षांचा मुलगा एकावन्न. आठवडाभर मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. मग सरळ त्यालाच म्हटलं, शिकव. तो डबा खाताना शिकवायचा. दुसऱ्यांदा पास झाले. सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर एनपीटीईएलचे (आयआयटीवाले चालवतात ते) मोफत अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फक्त हजार रुपये. वेळ असेल तर ते आधी करा. मी उलट्या क्रमानं केलं.

जूनच्या शेवटी, पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्या आठवड्यात, बार्शीच्या मुलीचा फोन आला. एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये लागली होती, पगार थोडा कमी. अनुभवपत्रावरच्या त्या ओळीबद्दल मुलाखतीत विचारलं म्हणाली. जुना पीएफ नव्या खात्यात न्यायचा होता, पण आमच्या ऑफिसनं नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नव्हती. मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात ती म्हणाली,

"मॅडम, एक विचारू? संक्रांतीला तुम्हाला माहीत होतं का?"

"हो."

पलीकडे बराच वेळ फक्त रस्त्याचे आवाज.

"मला वाटलंच होतं. त्या ॲसिडिटीवरून." मग म्हणाली, "बरं, ती तारखेची भानगड सांगा."

मी सांगितली. शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाले असतील तर मालकाची वाट बघायची गरज नाही. पोर्टलवर आत जायचं, 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट', आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख नीट बघून टाकायची, नंतर बदलायला फार त्रास होतो.

"अठ्ठावीस फेब्रुवारी ना?"

"अठ्ठावीस फेब्रुवारी," मी म्हटलं. "आणि आकडे इंग्रजीत टाक गं."